गाठीच्या शेजारचा तुकडा

मामा स्लाइडच्या नंबरावर पांढरी चिकटपट्टी लावून मगच ती माझ्यापुढे ठेवायचे. स्लाइड कोणत्या पेशंटची आणि कुठल्या भागातली आहे हे मला कळू नये म्हणून. मी मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या, आकडा वहीत लिहायचा, आणि खोका संपला की आम्ही दोघांनी समोरासमोर बसून पट्ट्या काढायच्या. पद्धत आमच्या विभागप्रमुख सरांची होती. ‘‘नंबर दिसला की माणूस त्याला हवं तेच मोजतो,’’ असं ते म्हणायचे.

मला पद्धत पटली होती. फक्त तिच्यात एक फट होती, आणि ती सरांना कशी दिसत नाही याचं मला नवल वाटायचं. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून पट्टी, आणि पट्टी लावणाऱ्या माणसावर मात्र सगळा विश्वास.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते. प्रबंधासाठी विषय मिळाला होता यकृतातल्या गाठींचा. गाठीच्या आत कोणत्या पेशी असतात आणि गाठीभोवतीच्या यकृतात कोणत्या, हे मोजायचं. शरीरात काही परकं वाढू लागलं की त्याच्याशी लढायला बारीक, गडद, गोल पेशी जमतात. पुस्तकात लिहिलं होतं की त्या गाठीच्या कडेला गर्दी करतात आणि आत तुरळक असतात. हे आपल्या पेशंटांमध्ये कितपत खरं आहे, एवढाच माझा प्रश्न. मामा आमचे तंत्रज्ञ. निवृत्तीला आलेले, पण तुकडा मेणात बसवून त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायला त्यांच्याइतका हात कुणाचा बसत नव्हता.

पहिल्या खोक्याच्या पट्ट्या काढल्या तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन पेशंटांचे आकडे आत आणि बाहेर जवळजवळ सारखे आले होते. पुस्तकात असं नव्हतं. म्हणजे लेबलं चुकली असणार. कुणी चुकवली, हे ठरवायला मला क्षणसुद्धा लागला नाही.

माझा हा स्वभाव शाळेतला. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या इंग्रजी शाळेत होते. मधल्या सुट्टीत मराठी बोलताना जी मुलगी सापडेल तिच्या गळ्यात एक लाकडी पट्टी अडकवायचे. पट्टी उतरवायची तर दुसरी कुणीतरी मराठी बोलताना पकडून द्यायची. त्यामुळे डबा खाताना शेजारची गोड बोलायला लागली की मी आधी तिच्या गळ्याकडे बघायचे. मला पट्टी फारशी कधी पडली नाही, कारण मी बोलायचंच सोडलं. बघत मात्र राहिले. कोण कुणाच्या मागे उभी आहे, कुणाचे ओठ हलताहेत, सगळं.

ती सवय विभागात उपयोगी पडेल असं मला वाटलं. स्लाइड रंगवून झाल्या की ताटलीत वाळत ठेवलेल्या असत, गाठीच्या आतल्या एका ओळीत, बाहेरच्या दुसऱ्या. त्यानंतर मामा त्यांवर नंबराची कागदी लेबलं डकवायचे आणि वर पट्टी. एकदा ते जेवायला गेलेले असताना मी काचेवर ओरखडा काढायची पेन्सिल घेतली आणि लेबल बसेल त्या टोकाला ठिपके मारले. गाठीच्या आतल्या स्लाइडला एक, बाहेरच्या स्लाइडला दोन. लेबलाशी ठिपका जुळला नाही की मामा सापडले.

सगळे जुळले. पण चौथ्या दिवशी मामांनी एक स्लाइड उजेडाकडे धरली.

‘‘मॅडम, काचंवर ह्यो ठिपका कशाचा?’’

‘‘असेल काहीतरी,’’ मी म्हणाले.

‘‘समद्या काचांवर हाय. एकाच कोपऱ्यात.’’ त्यांनी चष्मा खाली केला. ‘‘माशीला बी एवढी शिस्त नसती.’’

मी वहीत तोंड घातलं. त्यांनी स्लाइड परत ताटलीत ठेवली. मला वाटलं, म्हणजे यांना आधीपासून कळलं होतं, म्हणूनच या वेळी सगळं जुळलं. संशयाचं असंच असतं. पुरावा मिळाला नाही तरी त्याचं पोट भरतं.

त्याच सुमारास शाहूवाडीकडच्या एका पेशंटची बरणी आली. वय साठीचं, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. महिन्यातून एकदा मुंबईहून येणाऱ्या सर्जननी त्यांचं ऑपरेशन केलं होतं आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतही गेले होते. पेशंटचा धाकटा भाऊ बरणी घेऊन आवारातून चालत आमच्याकडे आला. आमच्याकडे असंच चाले. थिएटरच्या दारात सर्जन नातेवाइकांना बोलावून ट्रेमधली गाठ दाखवत, ‘‘बघितली? हीच ती,’’ म्हणत, मग ती बरणीत जाई आणि बरणी नातेवाइकांच्या हातात.

फॉर्मवर लिहिलं होतं: यकृताचा तुकडा, लिंबाएवढी गाठ, कर्करोगाची शंका. मी बरणीतला तुकडा कापायच्या फळीवर घेतला. यकृत आधीच खराब झालेलं होतं, सगळीकडे वाटाण्याएवढ्या गाठी गाठी. लिंबाएवढं मला काही दिसलं नाही. एक गाठ जरा मोठी होती, बोराएवढी. तुकडा टिकावा म्हणून बरणीत घालतात त्या फॉर्मालिनमध्ये मांस आकसतं, असं मी स्वतःला सांगितलं. सर्जनना फोन करता आला असता. पण फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे मला आधी वाक्य कागदावर लिहून घ्यावं लागायचं. मी ते बोर कापून एका डबीत घातलं, तिच्यावर ‘आत’ असं लिहिलं, त्याच्या शेजारचा तुकडा दुसऱ्या डबीत घालून ‘बाहेर’ असं लिहिलं, आणि दोन्ही मामांच्या हवाली केलं. उरलेला तुकडा नेहमीप्रमाणे त्याच बरणीत, भिंतीवरच्या फळीवर गेला.

स्लाइड तयार झाल्या तेव्हा सर दुसऱ्या गावी परीक्षा घ्यायला गेलेले होते. दुसऱ्या दिवशी येऊन ते सह्या करणार होते. मी बघितलं. ‘आत’मध्ये गाठीची एकही पेशी नव्हती. खराब झालेलं यकृत, बस. ‘बाहेर’मध्येही तेच. मी रिपोर्ट टाइप केला: आलेल्या तुकड्यात कर्करोग आढळला नाही. यातला एक शब्दही खोटा नव्हता. रिपोर्ट फायलीत ठेवला आणि हात धुवायला गेले, तर नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले. या कागदावर तो माणूस घरी जाणार. भाऊ त्याला गाडीत बसवणार आणि सांगणार, काही नाही निघालं. पुन्हा दाखवायला ते कशाला येतील?

पण गाठ तर सर्जननी डोळ्यांनी बघितली होती. मग ती गेली कुठे? माझ्या मनाने परत तीच वाट धरली. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडाच, बदलला. या पेशंटची गाठ दुसऱ्याच कुणाच्या नंबराखाली बसली आहे.

मामा मेणाच्या भांड्यापाशी होते. मी आयुष्यात कुणाला समोरून असं विचारलं नव्हतं.

‘‘मामा, या केसचा ब्लॉक बदलला तर नाही ना?’’

त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. ‘‘ठिपके मारून भागलं न्हाय व्हय?’’

माझी नजर ओरखड्याच्या पेन्सिलीकडे गेली.

‘‘बदलला असंल तर माझी नोकरी घ्या. पर आधी हिकडं या.’’ त्यांनी फळीवरून ती बरणी काढली, उरलेला तुकडा चिमट्याने उचलून पांढऱ्या टाइलवर ठेवला. ‘‘तुम्ही ह्याच्यातनं काय काढलासा, मी बघितलेलं न्हाय. आता दोघं मिळून बघू. ही बाजू कसली?’’

‘‘ही यकृताची वरची बाजू. गुळगुळीत.’’

‘‘ही?’’

‘‘सर्जननी कापलेली. जळल्यासारखी काळी दिसते.’’ यकृतातून रक्त फार येतं, म्हणून कापता कापता भाजतच जातात.

‘‘बरं. आन् ही?’’

तिसरी बाजू सरळ होती. काळी नव्हती, भाजलेली नव्हती. ब्लेडने एका झटक्यात कापल्यासारखी. मी त्या बाजूला काही कापलं नव्हतं.

‘‘ही थिएटरातली न्हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘ही मागनं कापलीया. कुणीतरी अर्धं ठेवून घेतलंय.’’

मी त्या सरळ बाजूचा काप करून मागितला. मामांनी तो दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी काढून दिला. गाठ त्यातही नव्हती. पण त्या कडेला यकृताच्या पेशी नेहमीसारख्या नव्हत्या. काहीतरी मोठं शेजारून रेटत असावं तशा चपट्या झाल्या होत्या, एकीला एक समांतर. त्यांच्यामध्ये ते बारीक, गडद, गोल ठिपके दाटीवाटीने जमले होते. महिनोन्‌महिने मी हीच गर्दी मोजत होते. ती कशाच्या तरी भोवती जमते. इथे गर्दी होती आणि ज्याच्याभोवती जमायचं ते नव्हतं.

मी मामांना बघायला दिलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला.

‘‘शेजारी हायत की सगळे,’’ ते म्हणाले. ‘‘घरमालक तेवढा न्हाय.’’

अकराच्या सुमारास पेशंटचा भाऊ रिपोर्ट न्यायला आला. डोक्याला टोपी, खांद्याला कापडी पिशवी, आणि नजर माझ्या हातातल्या फायलीवर. मला लगेच कळलं की हा माणूस माझ्यासारखाच आहे. समोरच्याच्या गळ्यात पट्टी आहे का, ते आधी बघणारा.

‘‘झाला का, डॉक्टरीणबाई?’’

‘‘बसा. एक विचारायचं होतं. बरणी तुम्ही थिएटरातून थेट इथे आणलीत?’’

‘‘मग काय रंकाळ्याला फिरवून आणीन?’’

‘‘तुकड्यातला काही भाग दुसरीकडे दिलाय का?’’

‘‘कसला भाग?’’ तो म्हणाला, पण पिशवी खांद्यावरून मांडीवर आली. ‘‘तुमचं काय निघालं ते सांगा की आधी.’’

‘‘तुम्ही आधी सांगा.’’

‘‘आधी तुम्ही. रिपोर्ट तुमचा हाय.’’

‘‘तुकडा तुमचा आहे.’’

असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. मामा दारात येऊन उभे राहिले होते. ते काही बोलतील असं वाटलं, पण ते माझ्याकडेच बघत होते. माघार मलाच घ्यावी लागणार होती. मी फाइल उघडून टेबलावर त्याच्याकडे वळवली.

‘‘यात लिहिलंय की कॅन्सर नाही. हे मी लिहिलंय आणि ते तुमच्या भावाच्या उपयोगाचं नाही. कारण आमच्याकडे गाठ आलीच नाही. गाठीच्या शेजारचं आलंय. शेजारचं बघून मी एवढंच सांगू शकते की गाठ होती. ती कसली, आणि सगळी निघाली का, हे गाठ बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. हा कागद घेऊन तुम्ही घरी गेलात तर ते सुखात राहतील. किती दिवस, ते मला माहीत नाही.’’

मी इतकं सलग बोललेलं मामांनीही कधी ऐकलं नसेल. भाऊ कागदाकडे बघत राहिला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

‘‘गाठ मिरजंच्या डॉक्टरला द्यायची हाय,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘जावई ऐतवारी नेणार.’’

‘‘मग दोन्हीकडे गाठीचा थोडा थोडा तुकडा द्यायचा होता.’’

‘‘तुमच्या डॉक्टरनं तर ती बघितलीच हुती की. दारात उभं राहून मलाच दाखवली. इथल्यांनी बघितलेलंच परत इथं कशाला द्यायचं? म्हणून ती आख्खी मिरजंला ठेवली आन् राहिलेलं तुमास्नी दिलं.’’ थिएटरात त्याच्या गावाकडचा एक कर्मचारी होता, त्याने बेसिनपाशी कापून दुसऱ्या बरणीत घालून दिलं होतं. ‘‘आन् तुमाला सांगितलं न्हाय, त्यांस्नी बी सांगणार नव्हतो. एकाचं बघून दुसऱ्यानं लिहू ने.’’

दारातून मामा खाकरले. मला त्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. आमची पांढरी चिकटपट्टी या माणसाने न शिकता लावली होती.

‘‘ती आता कुठे आहे?’’

‘‘हितंच. दादाच्या खाटंखाली.’’

आम्ही तिघं वॉर्डात गेलो. ड्रायव्हर उशीला टेकून बसले होते, पोटाला बांधलेलं, हातात वर्तमानपत्र. भावाने वाकून खाटेखालून भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेली बरणी काढली. तीन दिवस ती तिथेच होती, चपला आणि तांब्याच्या मधे. फडकं सोडलं. अर्ध्या बरणीइतक्या फॉर्मालिनमध्ये पिवळट पांढरी गाठ. लिंबाएवढी. वरची बाजू पाण्याबाहेर राहून कोरडी पडली होती.

‘‘काय रं त्ये?’’ ड्रायव्हर म्हणाले.

‘‘काय न्हाय दादा, लोणचं,’’ भाऊ म्हणाला.

‘‘माझ्या खाटंखाली माझंच लोणचं घातलंस व्हय?’’ त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘तू बघणार का गं पोरी?’’

‘‘हो. सरही बघतील.’’

‘‘बघ. गाडीचा आवाज बदलला हुता, मला कवाचंच कळलं हुतं. ह्याला वाटतंय मला काय कळत न्हाय. फकस्त एक कर. निघंल ते मला सांग, ह्याच्या हातात कागद देऊ नगंस. ह्यो मलाच फिरवून सांगंल.’’

‘‘दादा,’’ भाऊ म्हणाला.

‘‘गप.’’

दुपारी सर आले. मी त्यांना सगळं सांगितलं, बोराएवढी गाठ आणि न केलेला फोन यांच्यासकट. मामांवरच्या संशयाचं तेवढं सांगितलं नाही. ते मामांनीही सांगितलं नाही. सरांनी टाइप केलेला रिपोर्ट फाडला आणि दोन्ही तुकडे टाइलवर मागवले. मामांनी ते कडेला कड लावून जुळवले, मोडलेली भाकरी जुळवावी तसे. सरळ कापलेल्या बाजू एकमेकींत नीट बसल्या, आणि मग पहिल्यांदा दिसलं की गाठ होती कुठे आणि सर्जननी भाजत नेलेली काळी कड तिच्यापासून किती लांब होती. वेगवेगळ्या बरण्यांमध्ये हे कुणालाच दिसलं नसतं, आम्हालाही नाही आणि मिरजेलाही नाही.

गाठ कर्करोगाचीच होती. पण काळ्या कडेपर्यंत पोचलेली नव्हती. मधे यकृताची चांगली रुंद पट्टी होती, आणि त्या पट्टीत ती गोल पेशींची गर्दी. सरांनी तसं लिहिलं आणि सही केली. ड्रायव्हरना सांगायला मी गेले. भाऊ बाजूला उभा होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता, मी फिरवून सांगते का ते. मी सरळ सांगितलं. ड्रायव्हर म्हणाले, ‘‘म्हंजी गाडी मार्गावर हाय, पर सारखं तपासत ऱ्हायचं.’’ मी हो म्हणाले. एवढंच मला खात्रीने म्हणता येत होतं.

जाताना भावाने विचारलं, ‘‘आता मिरजंला न्यायचं का न्हाय?’’

‘‘न्या,’’ मी म्हणाले. मामांनी दोन्ही ब्लॉकचे जादा काप काढून ठेवले होते. मी त्या स्लाइड कापसात गुंडाळून त्याला दिल्या.

‘‘तुमचा तुमच्यावर इश्वास न्हाय व्हय?’’

‘‘तुमचा आहे?’’

तो पहिल्यांदाच हसला आणि स्लाइड पिशवीत ठेवल्या.

काही दिवसांनी तो दोन्ही रिपोर्ट घेऊन परत आला. टेबलावर आमच्या कागदावर तळहात ठेवून तो झाकला आणि मिरजेचा माझ्यापुढे सरकवला. ‘‘आधी ह्ये वाचा. मराठीत.’’ मी वाचलं. मग तळहात उचलला. ‘‘आता तुमचं.’’ मी वाचलं. दोन्हींत एकच होतं, शब्द तेवढे वेगळे. त्याने दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली आणि म्हणाला, ‘‘तीन महिन्यांनी दादाला आणतो.’’ त्याने आणलं. पुढेही आणत राहिला. मी तिथे होते तोवर तरी ड्रायव्हर बाकावर बसून माझ्या खोलीकडे हात करायचे आणि लोणच्याची चौकशी करायचे.

ती केस मला प्रबंधात घेता आली नाही. पट्टी लावायच्या आधीच मला सगळं माहीत झालं होतं. पहिल्या खोक्यातले ते दोन पेशंट मात्र मी पुन्हा काढले, सरांना दाखवले. लेबलं बरोबर होती. त्या दोन गाठींमध्ये गोल पेशी खरोखरच आतपर्यंत शिरल्या होत्या. पुस्तकापेक्षा वेगळं असं माझ्या हाती लागलेलं ते पहिलं काही होतं, आणि मी ते मामांची चूक म्हणून बाजूला ठेवलं होतं. मी त्यांना हे सांगितलं. ‘‘बरं झालं,’’ एवढंच ते म्हणाले, आणि मेण ढवळत राहिले.

पुढचा खोका आला तेव्हा स्लाइडच्या ताटलीशेजारी ओरखड्याची पेन्सिल ठेवलेली होती.

‘‘मारा तुमचे ठिपके,’’ मामा म्हणाले. ‘‘मग मी लेबलं डकवतो.’’

मी मारले. प्रबंध संपेपर्यंत दर खोक्याला मारत राहिले, आणि त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. मात्र त्या दिवसापासून मी बरणीतला तुकडा फळीवर घेतला की ते हातातलं काम टाकून शेजारी येऊन उभे राहायचे, फॉर्म हातात घ्यायचे आणि विचारायचे, ‘‘मॅडम, काय लिवलंय? लिंबू का बोर?’’ आणि मी चाकू खाली ठेवून वाचून दाखवायचे.